एका फळ्यावर दोन वर्ग

बसा, सगळे बसा. मागे जागा नसेल तर पुढे सतरंजीवर या. मेश्रामदादा, बाईंची लेक प्रेरणा बेटा, घरची सगळी मंडळी, पालकहो, माझ्या सहकारी शिक्षकांनो आणि माझ्या लेकरांनो. शाळेची मुख्याध्यापिका म्हणून मी पंधरा ऑगस्टला न अडखळता बोलते. आज मात्र कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि पुढे हात चाललाच नाही. म्हणून कागद आणलेला नाही. चुकलं तर सांभाळून घ्या.

आपल्या मेश्रामबाई गेल्या. गुरुवारी सकाळी शाळेचा जिना चढताना त्यांच्या छातीत कळ आली. त्यांचे यजमान, आपले दादा, सावनेरहून खाणीतली ड्यूटी सोडून निघाले, पण ते दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. एवढं तुम्हाला माहीत आहे. जे माहीत नाही, ते सांगायला मी उभी आहे.

पालकहो, तुम्ही बाईंचा वर्ग पाहिलाय. वर्ग कसला, दोन वर्ग. तिसरीच्या बाई निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. मेश्रामबाई चौथीच्या. त्यांनी फळ्याच्या मधोमध एक उभी रेघ मारली. डावीकडे तिसरी, उजवीकडे चौथी. तिसरीला भागाकार दिला की चौथीची कविता सुरू. एक वर्ग बोलायचा, तेव्हा दुसरा वहीत डोकं घालून बसायचा. त्यातच आपली सानिया. तिला नीट ऐकू येत नाही. अशा मुलांसाठी विशेष शिक्षक असतात, पण त्यांच्याकडे इतक्या शाळा की आपल्याकडे महिन्यातून एकदा यायचे. आले तर. म्हणून बाई फळ्यावर लिहिताना बोलायच्याच नाहीत. आधी लिहायचं, मग सानियाकडे वळायचं, तिला ओठ दिसतील असं उभं राहायचं आणि मग बोलायचं. दोन्ही वर्गांना. दिवसभर. किती वेळा वळत असतील हो त्या?

मी विचारायचे, "बाई, जमून राहिलं का?"

त्या हसायच्या. "जमून राहिलं न मॅडम. काहून काळजी करता? तिसरीचे पोट्टे फुकटात चौथीचं शिकून राहिले."

मलाही हसू यायचं. मला अभिमान वाटायचा. कोणी पाहुणे आले की मी त्यांना आधी त्याच खोलीत न्यायचे. साहेब लोक त्या रेघेचे मोबाईलवर फोटो काढायचे. आणि दर महिन्याच्या अहवालात मी माझ्या हातानं लिहायचे, "तिसरी व चौथीचे अध्यापन सुरळीत."

सुरळीत.

एकदा मी वर शिक्षण विभागाच्या ऑफिसात शिक्षक मागायला गेले. तिथल्या साहेबांनी माझाच अहवाल माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडे तर सुरळीत आहे. जिथं नाही, तिथं आधी द्यावा लागेल." परत आले आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच लिहिलं. का लिहिलं? शाळेचं नाव खराब होईल म्हणून. तुम्ही मुलं काढून न्याल, पट घसरेल, आहेत ते शिक्षकही जातील म्हणून. आणि खरं सांगू का, सवयीनं लिहिलं.

दादा, आता जे सांगते आहे ते तुमच्यासाठी.

पंधरा दिवसांपूर्वी मधल्या सुट्टीत बाई माझ्याकडे अर्ज घेऊन आल्या. "मॅडम, मले एक दिवस सुट्टी पाह्यजे होती. जिना चढली का दम लागून राहिला. डॉक्टरनं तपासणी सांगतली."

मी नाही म्हटलं नाही. दादा, खरंच नाही म्हटलं. मी एवढंच विचारलं, "बाई, मग दोन वर्गांवर कोणाला पाठवू?"

त्यांनी माझ्या हातातून अर्ज घेतला, घडी केली, पर्समध्ये ठेवला. "राहू द्या मॅडम. दिवाळीच्या सुट्टीत जाईन मी."

आणि मला हायसं वाटलं. ऐकताय ना सगळे? त्या माझ्यासमोर दम लागतोय म्हणत होत्या, आणि मला हायसं वाटलं.

परवा तो अर्ज दादांना पर्समध्ये सापडला. त्यांनी तो माझ्या टेबलावर आणून ठेवला. दादा, तुम्ही चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

इथं मघापासून जो तो म्हणतोय, बाई म्हणजे देवमाणूस. नका म्हणू. त्यांचे पाय सुजायचे. घसा बसायचा, मग त्या गरम पाण्याची बाटली घेऊन यायच्या. देवमाणूस म्हटलं की आपण मोकळे होतो. मदतीला कोणी पाठवायला नको.

आज सकाळी मी या महिन्याचा अहवाल पाठवला. तिसरी व चौथीचे अध्यापन बंद आहे, असं लिहिलं. लगेच ऑफिसातून फोन आला. "मॅडम, पर्यायी व्यवस्था केली आहे, असं लिहा." मी म्हटलं, व्यवस्था केलेली नाही. व्यवस्था होती ती आम्ही जाळून आलो. एक जागा बाईंची आणि एक जागा बाई जिवावर ओढत होत्या ती, दोन्ही रिकाम्या आहेत. मी शब्द बदललेला नाही. बदलणार नाही. माझं काय व्हायचं ते होवो. हे मी आधी करायला हवं होतं. बाई असताना.

आता आपण सगळे उभे राहून दोन मिनिटं शांत राहू. कोणाचं लेकरू रडलं तर रडू द्या, त्याला गप्प करू नका.

रोज सकाळी मस्टरवर सही करताना बाई मला "जय भीम मॅडम" म्हणायच्या, आणि मी "नमस्कार" म्हणून मान खाली घालून पुढचा कागद ओढायचे. इतक्या वर्षांत एकदाही त्यांच्याकडे नीट पाहून उत्तर दिलं नाही.

मेश्रामबाई, जय भीम.