आज भाजी काय केलीत?

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे आमचे नवे इन्स्पेक्टर साहेब, आजचे सत्कारमूर्ती हवालदार, त्यांच्या घरची मंडळी, आणि पंख्याखालच्या खुर्च्या आधीच धरून बसलेले माझ्या गल्लीतले लोकहो,

'पोलीस आणि नागरिक यांचे सहकार्य' या विषयावर पाच मिनिटं बोला, असं मला सांगण्यात आलंय. मी शिवणकाम करते. आमचे हे पुस्तकं बांधायचे. बांधायला आलेली सुटी पानं वाचत वाचत मी वाचायला शिकले, त्यामुळे बऱ्याच थोर ग्रंथांचं मला फक्त मधलंच ठाऊक आहे. भाषणाचंही तसंच व्हायचं.

म्हणून अडचण आधी सांगते, नाहीतर कौतुकात ती राहून जाईल. हवालदार आज निवृत्त होताहेत. त्यांच्या जागी माणूस मिळणार नाही, तेव्हा एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची सकाळची फेरी उद्यापासून बंद, असं चौकीतून कळलं. निर्णय साहेबांच्या हातात आहे. साहेब समोर आहेत. आणि माझं बोलणं संपेपर्यंत त्यांना उठता येत नाही, एवढा शिष्टाचार मलाही ठाऊक आहे.

फेरी म्हणजे काय? हवालदार, औषधांचे दुकानवाले आणि मी, अशी तिघं सकाळी दारोदार जातो. पण सुरुवात अशी नव्हती. पोलीस आणि गल्लीकरांच्या समितीच्या पहिल्या बैठकीत ठरलं, की एकट्या माणसाने सकाळी उठल्यावर गॅलरीत टॉवेल टाकायचा. टॉवेल दिसला की माणूस ठीक. योजना सर्वांना पसंत पडली. इतकी, की सकाळची गडबड नको म्हणून लोक टॉवेल आदल्या रात्रीच टाकून झोपू लागले. एक आजी लेकीकडे राहायला गेल्या, तिथे आजारी पडल्या, बऱ्या होऊन परत आल्या. टॉवेलची प्रकृती त्या सगळ्या काळात उत्तम होती.

तेव्हा हवालदार म्हणाले, "टॉवेलांची चौकशी पुरे झाली. दारं वाजवू. पण 'बरं आहे ना' असं कुणी विचारायचं नाही. ते विचारलं की शेवटच्या घटका मोजणाराही 'बरं आहे' म्हणतो. विचारायचं, आज भाजी काय केलीत?"

हसलात? मीही हसले होते. मग आमचे हे गेले, आणि तोच प्रश्न माझ्या दारावर आला.

मी म्हटलं, "मला काय धाड भरलीय?"

"नाही ना भरली, तेच बघायला आलो. भाजी काय केलीत?"

"काही नाही."

दुसऱ्या दिवशीही काही नाही. हवालदारांनी उपदेश केला नाही. तिसऱ्या दिवशी खाकी पॅंट घेऊन आले. म्हणाले, "वहिनी, कमरेत सैल करून द्या." पॅंट आधीच सैल होती. पुढे चौकीतल्या एकेकाची पॅंट सैल व्हायला येऊ लागली. त्या काळात आपल्या पोलिसांची तब्येत एकदम सुधारली, असंच बघणाऱ्याला वाटलं असतं. मी मशीनवर बसू लागले. बसलं की भूक लागते. त्या दिवसांत माझा स्वतःचा आवाज मी दिवसाकाठी पहिल्यांदा ऐकायचे तो हवालदारांशी बोलताना. कधीकधी शेवटचाही तोच.

आता घड्याळजींचं. ते तिकडे बसलेत. सांगू का विचारलं, तर म्हणाले, "सांगा, पण वाढवू नका." घड्याळजी तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. हवालदारांनी दार वाजवलं की आतून रोज ठरलेलं उत्तर, "तुम्हाला दुसरा उद्योग नाही का हो?" आम्ही पुढच्या दाराकडे जायचो.

एका सकाळी आतून आलं, "सर, मी ठीक आहे. कृपया आपण जावे."

हवालदार माझ्या कानाशी म्हणाले, "वहिनी, हा माणूस मला सर म्हणाला. काहीतरी भयंकर झालंय."

मी दाराला तोंड लावलं. "घड्याळजी, दार उघडा."

"उघडता येत नाही. मला पोलिसांनी अटक केलीय."

"कुठे?"

"घरातच. फोनवरून."

"मग बाहेर उभे आहेत ते कोण?"

आत फोनवर कुजबूज झाली. मग म्हणाले, "फोनवरचे साहेब सांगतात, दारावर येतात ते खोटे असतात."

"अहो, मी रोज येतो!" हवालदार ओरडले.

"तेच तर. खरा पोलीस रोज कशाला येईल?"

पोलीस खात्याचे आणि आमचे इतक्या वर्षांचे संबंध त्या एका वाक्यात आले. हवालदार जिन्याच्या पायरीवर बसले. शांतपणे म्हणाले, "बरं. पण अटकेतल्या माणसाला जेवायला द्यावं लागतं. तुमच्या साहेबांना विचारा, जेवणाची काय सोय केलीय?"

आत घड्याळजींनी खरोखरच विचारलं. अगदी अदबीने. मग कडी निघाली. आदल्या दुपारपासून ते त्या फोनसमोर उपाशी बसले होते. चेहरा पांढराफटक. म्हणाले, "आत या. तो मला अरे-तुरे करतोय."

फोन हवालदारांनी हातात घेतला आणि पलीकडच्या साहेबांना विचारलं, "आज भाजी काय केलीत?" फोन बंद झाला.

साहेब, आमचं मागणं एवढंच. दारं आम्ही वाजवू. जिने आम्ही चढू. पण बरोबर वर्दीतला एक रोजचा, ओळखीचा चेहरा लागतो. तो रोज दिसला, तरच लोकांना खरा वाटतो. सकाळचा एक तास, एक माणूस. काय म्हणालात? 'बघू'? साहेब, 'बघू'वर आम्ही पुष्कळ वर्षं काढलीत. माईक द्या हो जरा त्यांच्याकडे.

...'पाठवतो'. उद्यापासून? ...'उद्यापासून'. सभागृहाने ऐकलं. मी आभारी आहे.

आता हवालदार, तुमच्याशी. मघापासून प्रत्येक वक्ता म्हणाला, आता तुम्हाला सकाळी उठायची घाई नाही, आराम करा. आमचे हे गेल्यावर मलाही लोक असंच म्हणाले होते. यांचा डबा नाही, आता कसली घाई? घाई नसलेली सकाळ फार लांब असते हो. ती मी काढलेली आहे. पोलिसांच्या बाजूने साहेबांचा माणूस येईल. नागरिकांच्या बाजूला जागा भरपूर आहे. वर्दी लागत नाही, चपला लागतात.

व्यासपीठाने मला बोलू दिलं, आपण ऐकलंत, उपकार मानते. शिंपिणीच्या तोंडून काही उसवलं असेल, तर पदरात घ्या. उद्या आम्ही औषधांच्या दुकानापाशी तुमची वाट बघू. उशीर केलात, तर आधी तुमचं दार वाजवू.