भाऊबीज झाल्यावर

नवेगाव बांधच्या स्टँडवर मंजू गोंदियाच्या गाडीची वाट पाहत होती. बाकावर शेजारी दुलीचंद आणि त्याची बायको शामकला. हळू बोलणं दोघांच्याही रक्तात नव्हतं.

“अवं, आपला दवाखान्याचा विमा दुसऱ्या कंपनीत नेऊन राहिलो. इलाज तेवढाच, वरून सहा हजार वाचते. आज अर्ज नाही देला त सालभर अडकलो.”

“मंग द्या ना जी!”

“जुन्या विम्याचा एजंट तुया भाऊ हाय! इंद्रकुमार रुसला त मायेर तुटन तुयं. म्हणून मयनाभर तोंड शिवून बसलो.”

“तो कायले रुसते? त्यानं सोताचा विमा कवाच तिकडं नेला.”

“काय सांगतं?”

“डेंगूनं भरती होता, तवा कार्ड पायलं मी. तुमी म्हणता तीच कंपनी.”

“अन् आपल्याले जुन्या खुट्याले बांधून ठेवलं! लुच्चा साला! तू काऊन नाही बोलली तवा?”

“भाऊबीज व्हायची होती ना जी. लुगडं त हाती पडू द्या! हे काय, नेसूनच आली. उठा आता, गाडी आली.”