दोन टनांचा चुंबक आणि मामांचा बर्फ

म्हाताऱ्यांनी सल्ला दिला की माझं डोकं तापतं, हे तुम्हाला माहीतच आहे. पण मे महिन्यात मी हरले. अमरावतीच्या आमच्या प्रयोगशाळेत दोन टनांचा चुंबक हातभर खोल खड्ड्यात उतरवायचा होता आणि क्रेन दारातून आत येईना. तो आपटला असता, तर माझी पीएचडीच संपली असती. अकोल्यातल्या कापसाच्या जिनिंग मिलमधले जुने मिस्त्री, आमचे मामा, म्हणाले, "पोरी, खड्डाभर बर्फाच्या लाद्या मांगव."

"मामा, रसवंती टाकायची का?"

"तोंड कमी चालव, पाणी उपसाले पंप आण."

चुंबक बर्फावर सरकवला. बर्फ वितळत गेला तसा तो इंच इंच उतरला आणि संध्याकाळी अलगद टेकला. एक ओरखडा नाही!

"मामा, तुमचे आभार कसे मानू?"

"माहे काहून? आपल्या उनाचे मान."