महाराज कार्डावर

रागिणी: मामाजी, देव्हाऱ्याचं दार कावून बंद आहे? आणि माझं गेमचं मशीन कुठं ठेवलं कोणी?

उत्तमराव: हळू बोल बेटा. देव झोपले.

रागिणी: सकाळी दहा वाजता? आत्ताच तर आत्याबाईंनी आरती केली. मी घंटी वाजवली.

उत्तमराव: मंग तुह्या घंटीनंच थकले असतीन.

माणिकबाई: अवो जीवनचे बाबा, सुनेशी खोटं बोलता, थे बी देव्हाऱ्याले पाठ लावून! सरका तिकडं. रागिणी, तुहं मशीन बाळकृष्णाच्या मांगं आहे. मी शेवंती वाहाले हात घातला, तं पिवळ्या फडक्यातून उजेड लुकलुकून राहिला. मले वाटलं, बाप्पा, आपल्याच घरी साक्षात्कार झाला! दोन डाव हात जोडले म्या.

रागिणी: देव्हाऱ्यात? मामाजी, गेमचं मशीन कोणी देव्हाऱ्यात ठेवते का?

उत्तमराव: म्या गेमचं मशीन ठेवलंच नाई. म्या नत्थुजी महाराजाले ठेवलं.

माणिकबाई: घ्या.

उत्तमराव: घ्या काय? काल सांजीले ह्या दोघा नवरा-बायकोचं बोलणं ह्या कानानं ऐकलं म्या. हे जीवनले म्हणून राहिली होती, कीर्तनं बाहेर काढा लागते. बाहेर! ज्या माणसाच्या मांगं मी टाळ घेऊन अर्धा जन्म उभा राह्यलो, त्याले माह्याच घरात बाहेर काढून राहिले. मंग मी काय करू? नेऊन ठेवला देवापाशी. आता काढा म्हणलं.

रागिणी: मामाजी, बाहेर म्हणजे घराबाहेर नाही हो. टाकायचं नाही, पुसायचं नाही. बसा बरं इथं. आणि ते मशीन द्या आधी, गरम झालं असेल फडक्यात.

उत्तमराव: झालं होतं. मले वाटलं, महाराज रागावले.

रागिणी: रागावले नाही, मी बंद करायचं विसरली. ऐका. महाराजांच्या कॅसेटी कोणी भरल्या ह्याच्यात?

उत्तमराव: तूच. बुरशी लागली होती, एकेक पुसून पुसून भरली. मी सांगतो न फूलबाजारात सगळ्याइले, सून भेटली तं अशी. माणसं गेल्यावर फोटो ठेवतेत लोकं. माह्या सुनेनं आवाज ठेवला.

रागिणी: तेव्हा घरातला कॉम्प्युटर बंद पडला होता म्हणून ह्यात भरल्या. हासुद्धा कॉम्प्युटरच आहे, फक्त हातात मावते. ह्याच्यात आतली एक जागा आहे, ती एकदम चपळ. आणि इथं खाली, ही फट दिसते? इथं नखाएवढं कार्ड बसते. ती बाहेरची जागा. भरपूर आहे, पण जरा संथ. आत माझी गेम होती आणि महाराज होते. दोघं सुखात नांदत होते.

माणिकबाई: मंग भांडण कोणं लावलं?

रागिणी: गेमवाल्यांनी. नवं अपडेट आलं आणि गेम फुगली. आत मावेना. महाराज तर मी जसेच्या तसे भरले, आवाज दाबून बारीक केला नाही, म्हणून त्यांनाही जागा मोठी लागते. मग जीवननं काल गेम उचलून कार्डावर ठेवली. तेव्हापासून अडकून राहिली.

उत्तमराव: अडकते म्हंजे?

रागिणी: पाहा. ही माझी गाडी. सरळ रस्त्यानं कशी जाते? आता वळण येते, नवं गाव लागते... हे! पाहिलं?

माणिकबाई: थांबली कावून? फाटक पडलं का?

रागिणी: फाटक नाही आत्याबाई. पुढच्या गावाची घरं, झाडं कार्डातून यायची आहेत, ती वेळेवर येत नाहीत. तेवढी डोळ्याची पापणी लवते न लवते, तर मागचा पुढं जाते.

माणिकबाई: दृष्ट लागली. मी मीठ-मिरच्या आणतो.

रागिणी: आज तीन वाजता ह्याच गेमची फायनल आहे आत्याबाई, मिरच्यांचा ठसका ह्या मशीनच्या पंख्यात गेला तर मीच जाईन. मी सगळं करून पाहिलं. चित्रं हलकी केली, गाड्यांची चकाकी काढली, झाडांच्या सावल्या काढल्या. पंख्याची घरघर कमी झाली, बॅटरीही वाचली. पण अडकणं तसंच. कारण चित्र काढायला उशीर होत नाही, सामान आणायला होते.

उत्तमराव: थांब, थांब. सामान आणाले... म्हंजे महाराज चरण म्हणून मोकळे झाले, अन् मांगच्यानं उचललंच नाई?

रागिणी: हो! तसंच.

उत्तमराव: टाळकरी बसला चपलाइपाशी. महाराजाचा शब्द त्याच्यापर्यंत जाईन, मंग त्याचा टाळ येईन. तवरोक महाराज दुसऱ्या चरणात. हे तं वाईट बेटा. टाळकरी मांगं खेटून उभाच पाह्यजे.

रागिणी: मग तेच म्हणून राहिली मी! गेमला खेटून उभा टाळकरी पाहिजे. म्हणून गेम आत, आणि...

उत्तमराव: अन् महाराज चपलाइपाशी.

रागिणी: अरे देवा.

उत्तमराव: तूच म्हणली न, बाहेरची जागा, संथ जागा? आत म्हंजे गाभारा. गाभाऱ्यात मोटारगाड्या पळवशीन, अन् माहे महाराज फटीत!

माणिकबाई: एवढं आहे तं दाबून बारीक करून घे ना महाराजाले. गादी नाई का दाबत आपण पेटीत.

उत्तमराव: महाराजाले दाबतेस? जीभ आहे का काय? थ्या आवाजातला घोगरेपणा, खाकरणं, पान खाल्ल्यावर जीभ जड होणं, थे सगळं जाईन. तिनंच सांगतलं होतं मले.

रागिणी: हो, मीच सांगितलं. दाबायचं नाहीच. मामाजी, मी खोटं बोलणार नाही तुमच्याशी. मला ही फायनल पाहिजे. अमरावतीला आहे, माझ्या माहेरच्या गावात. लग्नात माझ्या मैत्रिणी म्हणत होत्या, रागिणीचा खेळ संपला आता, अकोल्याला जाऊन हार ओवत बसेल. हारही ओवते मी, आवडते मला. पण त्या आज समोर बसणार आहेत. आपापलं मशीन न्यायचं आहे, दुसरं मिळत नाही. दोनदा गाडी अडकली की त्या म्हणतील, पाहा, म्हणलं होतं ना.

माणिकबाई: कोण म्हणते थे? नावं सांग.

उत्तमराव: तू थांब. बेटा, तुही गोष्ट समजली मले. पण संथ जागी महाराजाचा आवाज बी अडकन न? तुही गाडी अडकली तं तू हारशीन. महाराज भर गजरात अडकले तं मी काय ऐकू?

रागिणी: नाही अडकणार. गाडीला एका क्षणात अख्खं गाव लागते. महाराजांचा आवाज तर धारेनं येते, समईच्या वातीत तेल चढते तसा. तेवढं कार्डाला डोळे मिटून जमते.

उत्तमराव: तू म्हणतेस. मी टाळकरी आहे. ऐकल्याबगर मानत नाई.

रागिणी: मग ऐका. एक कीर्तन कार्डावर घेते. कोणतं घेऊ?

उत्तमराव: नांदगाव खंडेश्वरच्या सप्त्यातलं. काल्याच्या आदल्या दिवशीचं. थ्या दिवशी महाराज जे रंगले होते, मंडपाचे बांबू बी डोलून राहिले होते.

रागिणी: हं. हे पाहा, कार्डावर गेलं. आतलंही तसंच आहे, घाबरू नका. लावू?

उत्तमराव: थांब, टोपी नीट करू दे. हं. लाव.

(मशीनमधून महाराजांचा आवाज आणि टाळांचा गजर येतो. माणिकबाईंची मान आपोआप डोलू लागते.)

माणिकबाई: अगं बाई. जसे काई ओसरीत उभे आहेत.

उत्तमराव: शूऽ! आता पाह्य, आता चाल दुप्पट होते. हे झाली... आता टाळ...  चुकला! पाह्यलं? चुकला का नाई? बंद कर! कार्डानं टाळ खाल्ला! म्या म्हणलं होतं!

रागिणी: कसं शक्य आहे? आवाज तर सलग आहे.

उत्तमराव: अवो, माहा टाळ आहे थो! पुऱ्या गजरात एक टाळ पडला नाई. मले समजत नाई का?

माणिकबाई: मले समजते. थ्या दिवशी दुपारच्या पंगतीत रोडगे कोणं हाणले होते?

उत्तमराव: रोडग्याचा काय संबंध?

माणिकबाई: रोडगे, वांग्याची भाजी अन् वरून वाटी वाटी तूप. संध्याकाळी टाळ हातात घेऊन तुमी उभ्या उभ्या डुलून राहिले होते. मी बायांइत बसली होती, समोरच. अख्ख्या मंडपानं पाह्यलं.

उत्तमराव: कोणी नाई पाह्यलं. मी भक्तीनं डुलून राह्यलो होतो.

रागिणी: मामाजी, पुढं लावू? पुढं महाराज काही म्हणून राहिले वाटते.

उत्तमराव: नको. पटलं मले. कार्ड चांगलं आहे.

माणिकबाई: लाव, लाव. कार्डाची परीक्षा पुरी होऊ दे.

महाराज (मशीनमधून): ...उत्तमराव, अहो उत्तमराव! देव जागा आहे, तुमी बी जागे राहा! रोडगे पोटात गेले, टाळात नाई!

माणिकबाई: ऐकलं? ऐकलं का? अन् हासले पाह्य सारे! थो मोठ्यानं हासते न, थो माहा भाऊ!

रागिणी: माझं पोट दुखून राहिलं... मामाजी, तुम्ही रडता?

उत्तमराव: हासून राह्यलो वो. पाणी आलं डोळ्यात. गेले महाराज, पण टोचाचं सोडलं नाई. आता आतलं लाव.

रागिणी: आतलं?

उत्तमराव: आतून बी तेच ऐकू येते का, पाह्यतो. नाई तं तुमी सासू-सुना मिळून बनवान मले.

रागिणी: हे घ्या. आतलं. तीच जागा.

उत्तमराव: हं... हं... चुकला. इथं बी चुकला.

माणिकबाई: तुमी दोन्ही जागी झोपले होते.

उत्तमराव: मानलं बाप्पा, मानलं! माही चूक बी तशीच्या तशी ठेवली कार्डानं, मंग महाराजाचा शब्द कायले पाडन थे. बेटा, एक विचारतो. महाराजानं जन्मभर कीर्तन कुठं केलं?

रागिणी: सप्त्यात. देवळात.

उत्तमराव: देवळात कुठं?

रागिणी: मंडपात?

उत्तमराव: मंडपात! लोकाइत! लहान पोट्टे रडतेत, बाया वाती वळतेत, थ्याच्यात उभे राहून केलं. गाभाऱ्यात जाऊन एक डाव बी नाई केलं. मीच येडा, त्याइले तिथं कोंडून ठेवाले निघालो. घे बाहेर. सारं घे. मंडप मोठा आहे न तुहा?

रागिणी: मोठा आहे मामाजी. आणि आधी एकेक प्रत तुमच्या फोनच्या कार्डात टाकते, मग हलवते. म्हणजे दोन मंडप.

उत्तमराव: माह्या फोनात? बाजारात ऐकता येईन?

रागिणी: झेंडू मोजता मोजता.

माणिकबाई: झालं. आता गिऱ्हाइकानं शेवंती मागितली तं झेंडू भेटन.

रागिणी: तोपर्यंत मला दोन घास द्या आत्याबाई, हे चालू राहील.

माणिकबाई: बस. पोळी-भाजी खाय, दही खाय. अन् थ्या मैत्रिणीइचे नावं सांगच मले.

उत्तमराव: अवो, तिले खाऊ दे सुखानं. रागिणी, हे निळी पट्टी पुढं सरकून राहिली. हे महाराज चालले का?

रागिणी: महाराज पोचले. आता गेम आत येऊन राहिली.

उत्तमराव: भरभर ये म्हणा तिले.

रागिणी: आली. थांबा, हात धुते... हं. आता मगाचंच वळण. गाव येते... आलं... गेलं! पुढचं... गेलं! मामाजी!

माणिकबाई: फाटक उघडलं वाटते.

उत्तमराव: नाई अडकली! जरा बी नाई! घे, घे, थ्या लाल गाडीले मांगं टाक. उजवीकडून! पाह्य कशी पळून राहिली! पण इतकी जोरात नको घेऊ वो वळणावर, पडशीन.

रागिणी: खेळ आहे मामाजी.

उत्तमराव: असू दे. माणसानं सांभाळूनच जावं. झाडाइच्या सावल्या कुठं गेल्या पण?

रागिणी: मी काढल्या होत्या ना हलकं करायला. आता परत लावता येतील. पण पंखा गरम होईल, बॅटरी लवकर उतरेल. फायनलपुरत्या राहू देते तशाच.

उत्तमराव: राहू दे. सावली बसाले लागते, पळाले कायले?

रागिणी: चला, निघते मी. बारा वाजता मूर्तिजापूरवरून जाणारी गाडी आहे. आत्याबाई, येते. मामाजी, पाया पडते.

उत्तमराव: एकटीच?

रागिणी: जीवनला सुट्टी नाही मिळाली. जाईन मी, माझंच तर गाव आहे.

उत्तमराव: फुलं सकाळीच गेले माहे. दुपारी मले काय काम?

रागिणी: तुम्ही... येता? खरंच? मामाजी, तिथं सगळे कॉलेजचे पोट्टे असतील, हल्लागुल्ला असेल. तुम्हाला कंटाळा येईल.

उत्तमराव: मी सप्ता सप्ता उभा राह्यलेला माणूस. दोन तास बसाले कायचा कंटाळा? माणिक, माही धुतलेली टोपी दे.

माणिकबाई: देतो. अन् थ्या मैत्रिणी दिसल्या तं सांगा, हिची सासू बी येणार होती म्हणा, पण गाईले चारा टाकाचा होता.

रागिणी: मामाजी, पहिल्या रांगेत बसाल? मी मागं वळून पाहीन.

उत्तमराव: बसतो. पण मले त्यातलं काई समजत नाई बेटा. टाळ्या कवा वाजवाच्या, तेवढं सांगत जाय.