आसऱ्याला आलेल्यांची नावं

ट्रस्टी झालो तेव्हा मला वाटलं होतं, मीटिंगला जायचं, चहा प्यायचा अन् सही करायची. आमची पाथरीतली संस्था घर सोडून आलेल्या बायांना आसरा देते. त्यांची नावं जपायची जबाबदारी आमा ट्रस्टींचीच.

एकदा वालूरहून एक म्हातारे काका आले.

"माजी सुमन हितं हाय का?"

सुमन आत भाकरी करायली होती. माझा जीव तुटला, तरी म्हणलं, "काका, हितं कोण हाय, कोण न्हाई, आमी कुणालाच सांगत न्हाई."

"बापाला बी न्हाई?"

"बापाला बी न्हाई."

काकांनी डोळे पुसले. मग म्हणाले, "लय बरं झालं. उद्या तिचा नवरा यायलाय. त्याला बी असंच सांगा."