पाचवा पाहिजे!

...आणि वर म्हणतात, "पळायचंच तर होतं, त्यात काय एवढं!" कोण म्हणतं हे? जो खाली मंडपात बिस्किटं खात बसला होता तो! अहो, एकदा ती टेकडी चढा आणि मग बोला! पोरं तिला थापाडी म्हणतात. का? तर "आला हं माथा, आलाच" असं वाटतं, धापा टाकत तिथवर पोचावं, तर मागे आणखी चढ! तो संपवावा, तर आणखी! पुढाऱ्यांनीसुद्धा जिच्याकडे शिकवणी लावावी अशी टेकडी!

मुळात माझा आणि पळण्याचा संबंध काय? बस सुटली तर पुढच्या बसची वाट बघणारा माणूस मी! शाळेच्या क्रॉस कंट्री संघात होतो, पण बाटल्या सांभाळायला. खरा पळणारा आमचा दादा. वर्षभर पहाटे उठून पळतो, थंडी नाही, ताप नाही, आणि त्याचं हे शाळेतलं शेवटचं वर्ष. तर शर्यतीच्या आदल्या दिवशी संघातल्या पाचव्याला झालं गालगुंड! आता नियम असा, की पाच जणांचे नंबर मिळवायचे, ज्याची बेरीज कमी तो संघ पुढच्या फेरीत. चारच पोचले? संघ बाद! दादा पहिला आला तरी घरी! पीटीच्या सरांनी माझ्याकडे बघितलं. मी मागे बघितलं. मागे भिंत!

"सर, मला धाप लागते हो..."

"दोन पाय आहेत ना? झालं तर! पाचवा पाहिजे!"

घरी आलो तर दादाने काय करावं? नुसते माझ्या बुटांचे बंद काढून नीट ओवून ठेवले. आता ह्याला नाही कसं म्हणणार, सांगा तुम्ही!

शर्यतीआधी सरांनी मंत्र दिला. "हे बघ, चढावर माथा बघायचा नाही, जीव जातो. पुढच्याच्या टाचा बघायच्या! टाचा चालल्या की आपण चालायचं. डोकं वापरायचं नाही." म्हटलं, हे जमेल.

शिट्टी वाजली, सगळे भुर्रकन गेले, आणि मी शेवटून दुसरा. माझ्या मागे फक्त एक हडकुळा, मोठ्या कानांचा, आमच्या कट्टर शत्रूशाळेचा पाचवा! दोन्हीकडचे बाकीचे चौघे तोडीस तोड, म्हणजे दोन्ही संघांचं नशीब कुणाच्या हातात? आम्हा दोन रत्नांच्या! पुढे कुणाचे तरी पिवळे बूट होते, त्यांच्या टाचा धरून चढलो. पोटात कळ, पिंडऱ्यांत गोळे, मध्येच ते पिवळे बूट पुढे निघून गेले, पण चढलो कसाबसा, पलीकडच्या वाटेने घसरत खाली आलो. खाली फाटा. उजवीकडे मैदान, डावीकडे पुन्हा टेकडी. दिशा दाखवायला कोण? भूगोलाच्या बाई! आणि बाई काय करतायत? झेंडा काखेत, फोन कानाला! "अगं हो, मुलं गेली सगळी, निघतेच मी..." बाई, आम्ही मुलं नाही का?

आणि तेवढ्यात, तुम्हाला सांगतो, डावीकडे पिवळ्या टाचा! माझ्या हरवलेल्या टाचा! इतका आनंद झाला... म्हटलं, गाठलं की रे आपण! लागलो मागे. चढ आला. हा चढ ओळखीचा का वाटतोय? पण डोकं वापरायचं नाही! तोच दगड, तेच झुडूप, तीच थापाडी... टाचा चालल्या, मी चाललो. का? पाचवा पाहिजे!

माथ्यावर टाचा थांबल्या. वळल्या. वर बघतो तर मिशी! म्हटलं, हा कितव्यांदा नापास झालाय? मग गळ्यातली शिट्टी दिसली. शत्रूशाळेचे सर! खरे पिवळे बूट कधीच मैदानात पोचले असणार!

"कोण रे तू?"

"पाचवा..."

"माझा पाचवा दिसला का वाटेत? हडकुळा, मोठ्या कानांचा? कधीचा शोधतोय!"

तर माझ्या मागून आवाज, "सर... मी... इथेच आहे..."

"गाढवा! इथे काय करतोयस?"

"तुम्हीच सांगितलंत... पुढच्याच्या टाचा बघ..."

म्हणजे सगळे पीटीचे सर एकाच कारखान्यातून निघतात! मी त्यांच्या मागे, तो माझ्या मागे, आणि ते त्याला शोधायला पुढे! मग डोक्यात प्रकाश पडला... जो आधी खाली पोचेल त्याचा संघ! आणि सुटलो!

पळालो म्हणू नका, गडगडलो! कोपर फुटलं, एक बूट निघाला... नाही, निघता निघता राहिला, दादाने बंद ओवले होते ना! मैदानात मंडप गुंडाळायला घेतलेला, आणि रेषेपाशी दादा एकटाच उभा. ओरडून ओरडून आवाज बसलेला, नुसते ओठ हलतायत, "ये, ये, ये..." मोठे कान माझ्या खांद्याशी आले, आणि मी सरळ आडवा पडलो. डोकं रेषेपलीकडे, पाय अलीकडे!

एका नंबराने जिंकलो! दादा माझ्याशेजारी मातीत बसून रडला हो. मलाही रडू येत होतं, खोटं कशाला बोलू, पण अंगात पाणीच उरलं नव्हतं.

तेवढ्यात त्या मिशीवाल्या सरांकडून सगळं ऐकून आमचे सर आले. मी म्हटलं, "सर, गालगुंड बरं झालं की मी परत बाटल्यांवर..."

"बाटल्या? अरे, पुढच्या फेरीत टेकडी दोनदा चढायची आहे! आणि अख्ख्या संघात तो सराव फक्त तुझा झालाय!"

उठलो, बंद बांधले... पाचवा पाहिजे ना!