नवा क्वार्टरबॅक आणि माझं ड्रायव्हिंग

अगं, मी गाडी चालवायला कशी शिकले ते ऐक. तेव्हा आम्ही अमेरिकेत, नोव्हाय गावात नवीन होतो आणि माझ्या नवऱ्याला, मिलिंदला, अमेरिकन फुटबॉलचं वेड लागलं होतं. एका रविवारी त्याच्या आवडत्या टीमचा नवा, कोवळा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा मुख्य खेळाडू, बॉल सारखा समोरच्या टीमच्याच हातात फेकत होता. घरी जमलेले मित्र टीव्हीवर ओरडत होते, "काढा रे याला!" एकटा मिलिंद त्याच्या बाजूने भांडत होता. "नवीन आहे यार तो! चुकू दे की चार वेळा. बाहेर बसून कोणी शिकतं का?"

टीम मॅच हरली. मग हा मला गाडी शिकवायला निघाला. पार्किंग लॉटमध्ये माझं वळण जरा चुकलं आणि गाडीचं चाक फुटपाथवर चढलं.

"उतर! तुला नाही जमायचं. मी चालवतो."

मी स्टीअरिंग आणखी घट्ट धरलं. "नाही उतरणार. बाहेर बसून कोणी शिकतं का?"

तर म्हणतो कसा, "अगं, त्या पोराच्या डोक्यावर हेल्मेट असतं!"

"मग उद्यापासून तू घालून बस," म्हटलं आणि गाडी सरळ मेन रोडवर काढली.